लहान पोरं घेऊन विदर्भातल्या गावात राहायला येताय? मग बाहेर खेळण्याचं गणित आधी समजून घ्या

बँक, शाळा, वीज कंपनी, दवाखाना अशा कुठल्या तरी नोकरीपायी पुण्या-मुंबईकडची बरीच कुटुंबं इकडे खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी येतात, आम्ही पण तसेच ठाण्याहून यवतमाळ जिल्ह्यात आलो, दोन लहान पोरं घेऊन. येणाऱ्यांच्या डोक्यात दोनपैकी एक चित्र पक्कं असतं. काहींना वाटतं गाव आहे, मोकळं रान आहे, पोरं आपोआप दिवसभर बागडतील. काही जण नुसत्या पंचेचाळीस डिग्री, साप आणि वाघ या तीन गोष्टी ऐकून आल्या आल्या दारं लावून घेतात आणि पोरांच्या हातात मोबाईल देतात. शहरात पोरांना बाहेर न्यायचं तर जागा शोधावी लागते, इथे जागा चिक्कार आहे, शोधावी लागते ती वेळ. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं जमतं. साधारण दोन ते आठ वर्षांच्या पोरांसाठी सांगतेय, मोठी पोरं आपलं आपण बघून घेतात.

१. घर बघताना आधी अंगण बघा

भाड्याचं घर दाखवणारा माणूस तुम्हाला टाईल्स आणि किचन ओटा दाखवेल, तुम्ही बाहेर बघा. कडुनिंबाचं किंवा कुठलंही मोठं झाड आहे का, सकाळी सावली कुठल्या बाजूला पडते, अंगणात किंवा शेजारी विहीर आहे का आणि तिला कठडा आणि जाळी आहे का. गावात अजूनही जमिनीलगत तोंड असलेल्या विहिरी आहेत, तीन वर्षांचं पोर असेल तर तसलं घर कितीही स्वस्त असो सोडून द्या. घरासमोरच्या रस्त्यावरून रेतीचे टिप्पर आणि ट्रॅक्टर जातात का तेही संध्याकाळच्या वेळी जाऊन बघा, दुपारी सगळंच शांत वाटतं.

टिनाचं छप्पर किंवा वर काही नसलेला स्लॅब असेल तर उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत घर भट्टी असतं, म्हणजे पोरं तोपर्यंत बाहेरच असणार, म्हणून अंगणाला कंपाऊंड आणि लाईट हवा. आणि पिण्याच्या पाण्याचं शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नको. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट आहे, लोक काय पितात तेच तुम्ही प्या.

२. पोरांचं घड्याळ बदला

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

आपण महाराष्ट्राच्या पूर्वेला आलोय त्यामुळे सूर्य मुंबईपेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डिसेंबरात इथे साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडालेला असतो, आणि शहरातून आलेल्या आया पोरांना सवयीने सहाला खेळायला काढतात तेव्हा बाकीची पोट्टी घरी निघालेली असतात.

उन्हाळ्यात, म्हणजे होळीपासून थेट जूनच्या मध्यापर्यंत, खेळ दोनदाच. सकाळी साडेपाचला उठवा, हो साडेपाचला, एप्रिल-मेमध्ये तेव्हा उजाडायला लागलेलं असतं, हवा गार असते आणि अख्खं गाव जागं असतं. आठ-साडेआठला घरात. मग थेट संध्याकाळी सहानंतर बाहेर, ते जेवणापर्यंत. मधल्या वेळेत दुपारी दोन तास झोप झालीच पाहिजे नाहीतर संध्याकाळी पोर रडकुंडीला येतं. रविवारी उशिरा उठायचं वगैरे शहरी लाड एप्रिल-मेमध्ये विसरा, एक दिवस घड्याळ चुकलं की पुढचे दोन दिवस जातात. मेच्या शेवटाला नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा तर सकाळी आठलाच अंगण तापतं, त्या दिवसांत एक तास कमी करा.

शाळेचं पण लक्षात ठेवा, बाकी राज्यात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी, म्हणजे मामाच्या गावी जायची तिकिटं त्या हिशोबाने काढा.

साडेआठ ते सहा घरात काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. शेजारच्या आजींना विचारा. चिंचोके, सागरगोटे, चंगा-अष्टा, कवड्या, सगळं त्यांच्याकडे असतं आणि फरशीवर खडूने पट काढून त्या बसतात पण. पाण्याच्या टोपल्यात, म्हणजे टबात, बसवणं हा पण एक प्रकार आहे, पण तिथून तुम्ही हलायचं नाही, पोर लहान असेल तर टोपल्यातलं वीतभर पाणी पण धोक्याचं.

कूलर. याच्यावर दोन ओळी जास्त लिहिते कारण दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लहान पोरं गेल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी आणि ओल्या पायाचं पोर. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद नाही, प्लग. इलेक्ट्रिशियन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात गळती करंट तोडणारा स्विच बसवा, भाड्याचं घर आहे म्हणून टाळू नका. आणि कूलर जाळीच्या बाहेर, खिडकीत, पोरांचा हात पोचणार नाही असा.

बाहेर निघताना डोक्याला दुपट्टा, टोपी नाही, कारण टोपीत कान आणि मान उघडे राहतात. कैरीचं पन्हं, मठ्ठा, ज्वारीची आंबील हे आलटून पालटून. इथल्या बाया पोराच्या खिशात कांदा ठेवतात, ठेवू द्या, कुणाचं मन कशाला दुखवा, पण कांदा ठेवला म्हणून एक वाजता बाहेर सोडायचं नाही. पोर एकदम सुस्त झालं, अंग चटका बसावा इतकं गरम आणि बोलणं असंबद्ध वाटलं तर सावलीत घ्या, कपडे काढा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, वारा घाला आणि लगेच दवाखाना. झोपेल थोडं, बरं वाटेल असं म्हणून थांबू नका.

पावसाळ्यात गणित उलटं होतं, दुपारी पण खेळता येतं पण आभाळ बघून. विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, बहुतेक शेतात किंवा झाडाखाली. दामिनी नावाचं सरकारी ॲप फोनमध्ये टाकून घ्या, आसपास वीज पडतेय का ते त्यात दिसतं. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, पक्क्या घरात, आणि शेवटचा आवाज होऊन अर्धा तास होईपर्यंत बाहेर नाही. पोरांना हा एकच नियम मारून-मुटकून शिकवा.

काळ्या मातीचा चिखल हा वेगळाच प्राणी आहे, चप्पल रुतून बसते आणि पोर पुढे निघून जातं. चप्पल-बूट सोडून गमबूट घ्या, कृषी केंद्राच्या शेजारच्या दुकानात लहान साईज मिळतात, नाही मिळाले तर नागपूर-अमरावतीला मिळतात. उंच गवतात आणि झुडपात लोळू देऊ नका. त्यात बारीक किडे असतात, त्यांच्यामुळे स्क्रब टायफस होतो, २०१८ साली नागपूर भागात त्याची बरीच मोठी साथ आली होती. पावसाळ्यात किंवा नंतर पोराला ताप आला आणि काखेत, जांघेत, कानामागे कुठे काळी खपली धरलेला छोटा व्रण दिसला तर डॉक्टरांना तो मुद्दाम दाखवा, कारण त्याचं औषध साध्या तापापेक्षा वेगळं आहे आणि वेळेत दिलं तर लवकर बरं वाटतं. खेळून आलं की आंघोळ आणि कपडे बदलणं, एवढं केलं तरी बराच धोका टळतो.

हिवाळा मात्र नुसता लुटायचा. दसऱ्यापासून होळीपर्यंत पोरांना दिवसभर बाहेर ठेवा, फक्त सकाळी स्वेटर आणि संध्याकाळी साडेपाचला हाक. बोरं, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, ज्वारीचा हुरडा, पोरं घरी जेवायलाच येत नाहीत.

३. एकट्याला नाही, घोळक्यात सोडा

शहरात आपण पोराला गार्डनमध्ये नेतो, बेंचवर बसतो, घसरगुंडीखाली हात धरून उभं राहतो. इथे तसं करायला लागलात की गावातली पोट्टी लांबून बघत उभी राहतात, जवळ येत नाहीत. आमच्या समोरच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात मला सुनावलं होतं, "काहून वं बाई, पोराले घरातच कोंडून ठेवतं का? जाऊ दे नं त्याले खेळाले, आमचे पोट्टे हायेत नं."

तर करायचं असं. पहिले काही दिवस मारुतीच्या देवळापुढे किंवा पिंपळाच्या पारावर, जिथे पोरं जमतात तिथे, तुम्ही पण जाऊन बसा, बायकांशी बोला, पोराला ढकलू नका. मग घोळक्यातली दहा-बारा वर्षांची एखादी ताई शोधा. दर घोळक्यात एक असतेच, कडेवर धाकटं भावंड घेऊन सगळ्यांवर हुकूम चालवणारी. तिच्याशी दोस्ती करा. तुमचं तीन वर्षांचं पोर ती 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेते, म्हणजे त्याच्यावर राज्य येत नाही पण ते धावतं सगळ्यांबरोबर. खाऊ द्यायचा तर सगळ्यांना द्या, फक्त आपल्या पोराला नाही, हा इथला अलिखित कायदा आहे.

खेळ काय काय असतात तर रेसटीप म्हणजे आपली लपाछपी, बिल्लस म्हणजे ठिकरीची लंगडी, कंचे म्हणजे गोट्या, भवरा, विटी-दांडू, झाडावरची डाबडुबली म्हणजे सूरपारंब्या, जुना सायकलचा टायर काठीने पळवणं. विटी-दांडू चालू असेल तेव्हा लहानाला बाजूला घ्या, विटी डोळ्याला लागते. कंचे तीन वर्षांखालच्याच्या हाती नको, गिळतात.

खेळणी विकत आणू नका असं मी म्हणणार नाही, पण ज्वारीच्या धांड्याचा, म्हणजे ताटाचा, गॉगल एकदा बघा. वाळलेलं धांडं घ्यायचं, त्याची वरची कडक साल पट्टीसारखी सोलायची, आतला पांढरा मऊ गाभा बोटभर लांबीचा कापायचा, साल वाकवून दोन गोल करायचे आणि टोकं त्या मऊ गाभ्यात खुपसायची. चिकटवायला काही लागत नाही. अशीच बैलगाडी बनते, चाकं सुद्धा. फक्त सालीची धार ब्लेडला मागे टाकते, सोलायचं काम मोठ्याने करायचं, जोडायचं पोरांना द्यायचं. माझ्या मोठ्याचा अख्खा जानेवारी यात जातो.

एक नाजूक गोष्ट. पूर्व विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. घोळक्यातल्या एखाद्या पोराला तो असेल तर ते लवकर दमतं, त्याला सारखं पाणी लागतं, थंडीत भिजलेलं किंवा उन्हात तापलेलं चालत नाही, हातपाय भयंकर दुखतात. त्याच्या आईने सांगितलं असेल तर पाण्याची बाटली तुमच्या अंगणात पण ठेवा आणि पोरांना त्याला 'लेचापेचा' म्हणू देऊ नका. रोग लागट नाहीये, एकत्र खेळायला काही हरकत नाही.

४. अंगणवाडी आणि कागदपत्रं

तीन ते सहा वर्षांच्या पोराला अंगणवाडीत घाला, तुमचा पगार किती का असेना. साहेबांची पोरं अंगणवाडीत कशाला असं तुम्हाला गावातलेच लोक म्हणतील, दुर्लक्ष करा, पोराला मित्र तिथेच मिळतात. सोबत काय न्यायचं:

- पोराचा जन्म दाखला, आधार असेल तर आधार
- आईचं आधार आणि मोबाईल नंबर
- लसीकरणाचं कार्ड, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही
- पासपोर्ट फोटो

जुन्या ठिकाणी अंगणवाडीत नाव असेल तर तिथून काढल्याचं आधी सांगून या, नाहीतर इथे ऑनलाईन नोंद अडकते आणि ताई बिचारी फोनवर फोन करत बसते. सहा पूर्ण झाल्यावर पहिलीला जन्म दाखला आणि आधार परत मागतात, एक फाईल करून ठेवा.

लसीकरणाचं कार्ड आशाताईंना पण दाखवा. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस नेहमीच्या वेळापत्रकात असते, शहरातल्या कार्डावर ती बहुतेक नसते, त्या सांगतील. धनुर्वाताचा डोस राहिला असेल तर खेळायला सोडायच्या आधी घ्या. आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात ती चुकवू नका, अनवाणी मातीत खेळणाऱ्या पोराला ती हवीच.

५. शेतात नेताना

नवीन ओळख झाली की लोक प्रेमाने शेतात बोलावतात, जरूर जा, पण हे चार प्रश्न आधी विचारा.

फवारणी कधी झाली? कपाशीवर म्हणजे पऱ्हाटीवर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारण्या चालतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले होते, मोठी माणसं, मग लहान पोराचं काय घेऊन बसलात. फवारा चालू असेल किंवा नुकताच झाला असेल तर त्या दिवशी त्या शेतात नाही, शेजारच्या पण नाही, वारा फिरतो. बांधावर पडलेले रिकामे डबे आणि बाटल्या पोरांना खेळायला फार आवडतात. त्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण पोराला रंग शिकवत बसू नका, कुठलीच बाटली उचलायची नाही एवढंच शिकवा.

शेततळं आहे का? विहिरीपेक्षा मला शेततळ्याची जास्त भीती वाटते. प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, काठ उताराचा, ओला झाला की शेवाळ, पोर घसरलं की पोहता येत असून पण वर चढता येत नाही आणि वाचवायला उतरलेला माणूसही अडकतो. तारेचं कुंपण नसेल तर त्या बाजूला जायचंच नाही.

कुंपणात करंट आहे का? रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात, त्याचा झटका बसतो पण सहसा माणूस मरत नाही. काही जण मात्र चोरून सरळ लाईनचा करंट तारेत सोडतात, तो जीव घेतो. तार दिसली की हात लावायचा नाही, कुठलीही असो.

धुऱ्यावर म्हणजे बांधावर काय लावलंय? चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि त्या खाऊन पोरांना उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात भरती करावं लागतं, बातम्या वाचल्या असतीलच. धोतरा, कण्हेर पण ओळखायला शिकवा. बिब्ब्याच्या झाडाखाली खेळवू नका, त्याचं तेल लागलं की अंगावर उततं. टेंभरं, बोरं, कवठ, सीताफळं खुशाल खाऊ द्या, पण आधी कुणा मोठ्याला दाखवून, हा नियम.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे जंगलाच्या काठाला राहत असाल तर अजून एक. मोहफुलं वेचायला लोक मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जंगलात जातात, तेंदूपत्त्याला मेमध्ये. सोबत पोरांना पाठवू नका. वाघ-बिबट्याच्या भागात अंधार पडायच्या आत पोरं घरात, आणि गावाबाहेर कडेला एकटं पोर बसवायचं नाही, शौचाला सुद्धा. वनविभागाचा १९२६ नंबर फोनमध्ये सेव्ह करा.

पिशवीत पाणी, दुपट्टा, ओआरएसची दोन पाकिटं, साबणाची वडी, टॉर्च, एक जादा चड्डी. ओआरएस संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

६. काही चावलं तर

गावात आल्यावर पहिल्या आठवड्यातच एक काम करा, जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात आणि सापाच्या विषाचं इंजेक्शन असतं ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. सगळ्याच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, सगळ्याच वेळी मिळेल असं धरून चालू नका. रस्ता दिवसा एकदा बघून घ्या. ॲम्ब्युलन्स १०८.

साप चावला तर पोराला चालवायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही, उचलून गाडीत. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिक नाही. गावात कुणीतरी "आधी फलाण्याकडे झाडून घ्या" म्हणणारच, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, गाडी काढा. मण्यार रात्री येतो आणि त्याचं चावणं कळत पण नाही. खाली झोपलेल्या पोराचं पहाटे पोट दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, घशातून गिळता येईना तर जखम शोधत बसू नका, दवाखाना. म्हणून खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झोपवायचं. उन्हाळ्यात अंगणात झोपायची मजा न्यारीच आहे, पण तिथे तर हे हवंच.

बूट घालण्याआधी झटकणे, विंचवासाठी. लहान पोराला विंचू चावला तर घरी बघू असं नाही, दवाखाना, आणि घाम, उलट्या सुरू झाल्या तर एक मिनिटही थांबू नका.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, मग सरकारी दवाखान्यात लस. ती फुकट असते. सगळे डोस पूर्ण करायचे, मधेच बरं झालं म्हणून सोडायचं नाही.

७. सणांच्या तारखा आधीच लिहून ठेवा

पोर खऱ्या अर्थाने गावाचं होतं ते सणात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी पोरी भुलाबाईची गाणी म्हणायला घरोघरी जातात, शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. तुमच्याकडे पण एक दिवस बोलवा, आणि ओळखू येणार नाही असा खाऊ करा, ढोकळा केला तर सगळ्या हरतात.

त्याआधी पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो लहान पोरांचा. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवायचा, ओढत ओढत मिरवायचा आणि मग घरोघर जायचं, लोक बोजारा देतात, पैसे किंवा खाऊ. नंदी सुताराकडे श्रावण लागताच सांगून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तो हातात घेत नाही आणि बाजारातले रंग दुसऱ्या दिवशी उडतात. चाकं मोठी करायला सांगा, बारीक चाकं गल्लीतल्या गोट्यात अडकतात आणि पोर रडत घरी येतं. नंदी नवाच हवा असं काही नाही, शेजारी कुणाचा जुना माळ्यावर पडलेला असतो, रंग द्यायला पोरांना दोन रविवार पुरतात. आणि त्या दिवशी घरात सुट्टे पैसे भरपूर ठेवा, सकाळपासून दारात नंदी येत राहतात.